करंगळीने उघडणाऱ्या खिडक्या

होळी आटोपली की सरांच्या शर्टाच्या खिशात कांदा यायचा आणि पावसाळा लागेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचा. तापल्या वाऱ्याची लू लागू नये म्हणून आमच्या रायपूरकडे उन्हाळ्यात बरेच जण कांदा जवळ बाळगतात, पण ते पिशवीत, डिकीत, कुठेतरी लाजून. सरांचा कांदा पेनाच्या शेजारी, सन्मानाने. दुपारी डबा उघडला की तो मुठीने फोडून खायचे आणि दुसऱ्या दिवशी खिशात नवा. इंजिनीअरिंगच्या कॉलेजात ते आम्हाला बांधकाम शिकवायचे तेव्हाही हेच. फळ्याकडे पाहावं की खिशाकडे, या गोंधळात माझी वर्षं गेली आणि सरांच्या विषयात मी ग्रेस मार्कांच्या काठीवर टेकत पास झालो. पुढे मी त्याच विषयावर पोट भरतो हे सरांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाप्पा!"

राज्य नवं झालं आणि आमचं गाव राजधानी झालं, त्या दिवसांतली ही गोष्ट. कालपर्यंत ज्या गावात गाय रस्त्यात बसली म्हणून वाहतूक थांबायची, त्या गावात लाल दिव्याच्या गाड्या थांबायला लागल्या. (गाय तीच होती.) होस्टेलांत मंत्रालयाची खाती बसली, पाऱ्यापाऱ्यांत, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांत, घरभाडी चढली आणि माणसांची मानही जरा ताठ झाली. माझी तर इतकी ताठ झाली की मी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. त्यांवर नावाखाली पद, पदाखाली 'रायपूर' आणि रायपूरखाली 'राजधानी'. पद काय, तर विद्यापीठाच्या बांधकाम शाखेत उपअभियंता. काम काय, तर गळकी छतं आणि तुंबलेल्या टाक्या. टाकी उपसायला येणाऱ्या माणसालाही मी कार्ड दिलं होतं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि कानात घालून कान कोरला.

विद्यापीठात एक जुनी दगडी इमारत होती. मधे कमानींचा मोठा हॉल, दोन बाजूंना दोन पंख, हातभर जाड भिंती आणि माणसाच्या दीडपट उंचीच्या सागवानी खिडक्या. प्रत्येक खिडकीला वर तावदानं आणि खाली आडव्या पट्ट्यांच्या झडपा. हे मी आज असं चवीने सांगतो आहे. तेव्हा मला ती इमारत म्हणजे पाऱ्यातला एक म्हातारा नातेवाईक वाटायची, जो मरतही नाही आणि बराही होत नाही. दगडांच्या दरजांतून चुना गळत होता. खिडक्यांवर दर निवडणुकीला तेलरंगाचा एक थर चढून त्या चौकटीला कायमच्या चिकटल्या होत्या. ज्या उघडत होत्या, त्यांचा खालचा भाग कापून तिथे कूलर बसवलेले. रायपुरात कूलर खिडकीतच बसतो. त्याला दुसरी जागा देवानेही नेमून दिलेली नाही.

'राजधानीला शोभेल असं करा,' असा वरून आदेश आला. इमारत समितीने ठरवलं की आधी मधल्या हॉलची दुरुस्ती करून पाहायची, आणि तो कसा होतो ते पाहून दोन्ही पंखांचं काय करायचं ते ठरवायचं. पंखांसाठी दुसरा बेत तयारच होता: जुन्या खिडक्या काढायच्या, अल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या आणि सगळीकडे एसी. हॉलचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. मी मात्र समजलो की माझी निवड झाली.

मी धडाक्यात दगडांच्या दरजा सिमेंटने भरायला घेतल्या. सिमेंट हा माझा धर्म होता. त्याच्याशिवाय बांधकामात दुसरं काही असतं हे मला ग्रेस मार्कांपुरतंच ठाऊक होतं. कमानीखालचा एक पट्टा झाला. करडा, चकचकीत, सरळसोट. मी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर त्या पट्ट्यावर लाल खडूने, फळ्यावर लिहितात तसं वळणदार, एकच शब्द लिहिलेला: 'पुन्हा'.

अक्षर पाहिलं आणि माझे पाय विद्यार्थ्याचे झाले. मागे वळून पाहिलं तर सर. सायकल कमानीला टेकवलेली, खिशात कांदा.

"काहून रे, सिमेंट भरून राहिला?"

"सर, मजबूत होईल म्हणून..."

"मजबूत तं होईन. पण दगड श्वास घेते चुन्यातून. तू त्याचं नाक दाबलं. आत ओल राहीन अन् दगडाचेच पापुद्रे सुटतीन. सिमेंट तसंच राहीन उभं, दगड जाईन. शिकवलं होतं मी."

"मी बहुतेक त्या दिवशी..."

"आलता तू. शेवटच्या बाकावर बसून माह्या खिशाकडे पाहून राहिला होता."

सरांना या कामावर कुणीही नेमलं नव्हतं. ते सेवानिवृत्त झाले होते, बूढापाऱ्यात राहत होते, आणि विद्यापीठाचा दगड कुणीतरी सिमेंटने भरतो आहे ही बातमी त्यांना दूधवाल्याकडून कळली होती. त्या दिवसापासून ते रोज सकाळी आठला हजर. मी त्यांना येऊ नका म्हणू शकलो असतो. पण त्यांच्यासमोर माझ्या तोंडून 'येस सर'खेरीज काही फुटत नव्हतं, आणि मनातून बरंही वाटत होतं की आता काही बिघडलं तर एकट्याच्या डोक्यावर येणार नाही.

सिमेंटच्या दरजा खरवडून काढायला सरांनी मलाच बसवलं. "ज्यानं भरलं त्यानं काढावं," म्हणाले. मिस्त्री मंडळी चहा पीत बघत होती. आमचा मोठा मिस्त्री धमतरीकडचा. तो सरांच्या प्रत्येक वाक्याला "हव सर, अइसनेच करबो" म्हणायचा आणि मग स्वतःला हवं तसं करायचा. सर ते पाहायचे आणि लाल खडू काढायचे. दगडांवर, चौकटींवर, परांचीच्या फळ्यांवर, सगळीकडे शेरे. 'पुन्हा', 'घाई', 'ओळंबा कुठे?' आणि फार झालं तर 'चालते'. 'चालते'च्या पुढे सरांच्या शब्दकोशात पान नव्हतं. एकदा मिस्त्रीने कमानीचा निखळलेला दगड इतका सुरेख बसवला की मी टाळ्या वाजवल्या. सरांनी बराच वेळ पाहून 'चालते' लिहिलं, आणि मग जवळ जाऊन तेही पुसून टाकलं. म्हणाले, "डोक्यात जाईन त्याच्या."

सर चुकायचे नाहीत असं मात्र नाही. चुन्यात गूळ किती घालावा यावर त्यांनी एक आठवडा प्रयोग केले आणि शेवटी असं मिश्रण बनवलं की साऱ्या विद्यापीठातले मुंगळे हॉलमध्ये शिकायला आले. ते बघून सर निर्विकारपणे म्हणाले, "पुन्हा," आणि स्वतःच्याच भिंतीवर ते लिहिलं. मला त्यांचं हे आवडायचं. दुसऱ्याच्या चुकीला आणि स्वतःच्या चुकीला त्यांच्याकडे खडू एकच होता.

चुना भिजत घातला होता त्या हौदापाशी ते खुर्ची टाकून बसायचे, दवाखान्यात पेशंटपाशी बसतात तसे. मुरायला महिना लागेल म्हणाले. मला महिना म्हणजे फारच वाटायचं; राजधानीत कुणाकडे महिना असतो? एके दिवशी ते डबा खायला गेले असताना, मुरला का ते पाहावं म्हणून मी काठीने हौद ढवळला. आत कळीच्या चुन्याचा न विरलेला खडा होता. तो उकळी येऊन फुटला, आणि माझ्या नव्या टेरीकॉटच्या पँटीला गुडघ्यापर्यंत चाळण झाली. सरांनी परत येऊन पँटीकडे पाहिलं. "मुरला नाही अजून," म्हणाले, "तू अन् चुना, दोघंही."

पण सरांचा जीव खरा अडकला होता तो खिडक्यांत. रंगाचे थर खरवडून, कापलेल्या जागी सागाचे तुकडे सांधून, बिजागऱ्या घासून, त्यांनी एकेक खिडकी चौकटीतून सोडवली. त्यांची कसोटी एकच: करंगळीने उघडली पाहिजे. "खिडकी उघडाले ताकद लागत असन तं ते खिडकी नाही, ते भिंत आहे," असं ते म्हणायचे. मी एकदा त्यांच्या गैरहजेरीत इतिहासाच्या विद्यार्थिनींचा एक घोळका समोर पाहून ही कसोटी करून दाखवायला गेलो. चुकून अजून न सुटलेल्या खिडकीपाशी गेलो होतो. करंगळीने हलेना, मग हाताने लोटली, मग खांदा दिला. खिडकी उघडली. मी बाहेर मेंदीच्या कुंपणात होतो. आतून एक मुलगी म्हणाली, "सर, बहुत बढ़िया खुलती है."

माझं घर समता कॉलनीत. नवं बांधलेलं आणि सगळ्या खिडक्या अल्युमिनियमच्या, सरकत्या. वास्तूला सरांना बोलावलं तेव्हा ते फाटकापाशी सायकल धरून उभे राहिले, वर पाहिलं, आणि आत यायला तयार होईनात. बायको अमरावतीची, तिला वाटलं, हे सोवळं-ओवळं पाळतात की काय. ती बैठकीच्या खिडकीतून म्हणाली, "सर, आत या ना, चहा झाला."

"उघड बरं ते खिडकी पूर्ण," सर बाहेरून म्हणाले.

बायकोने एक काच सरकवली. ती दुसऱ्या काचेवर जाऊन बसली.

"झाली का पूर्ण?"

"इतकीच उघडते, सर."

"म्हणजे याले खिडकी पुरी पाहिजे होती अन् मिळाली अर्धी! अन् हा इंजिनीअर आहे." मग बायकोचा चेहरा पाहून आवाज खाली आणत म्हणाले, "चहा दे पोरी, अर्ध्यातून येते ना कप?" आणि त्या अर्ध्या खिडकीतून कप घेऊन, सायकलच्या दांड्यावर बसून त्यांनी चहा प्यायला. बायको नंतर म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण तुम्हाले इतके दिवस हे दिसलं नाही काहून?" काय, ते तिने सांगितलं नाही. मी मात्र त्या रात्रीपासून जी काच सरकवायचो तिच्यामागे दुसरी अर्धी मला दिसायची.

हॉल पूर्ण झाला तेव्हा मे महिना आला होता. समितीची बैठक घेऊन पंखांचा निर्णय करायचा होता. कुणीही शहाण्या माणसाने ती जुलैत ठेवली असती. सरांनी हट्ट धरला की बैठक नवतप्यातच घ्या. नवतपा म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले दिवस. त्या दिवसांत रायपुरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचा असेल तर विचार करतं. सर म्हणाले, "या हॉलात नवतप्याच्या दुपारी, ना कूलर, ना एसी, ना वाळ्याचा पडदा, समितीले बसवतो. घाम आला तं लावा तुमचं अल्युमिनियम. नाही आला तं दोन्ही पंखांच्या खिडक्या वाचल्या." अध्यक्षांनी हसून मान्य केलं. पैजेचा निरोप मीच घेऊन गेलो होतो, त्यामुळे परत येताना मलाच घाम फुटला होता.

सरांची युक्ती साधी होती आणि आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होती. सूर्य मावळला की सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, रात्रभर भिंती निवू द्यायच्या. सकाळी आठच्या आत सगळं बंद. झडपांच्या पट्ट्या तिरप्या, म्हणजे उजेड आत आणि ऊन बाहेर. मग संध्याकाळपर्यंत खिडकीला हात लावायचा नाही. पंधरा दिवस आधीपासून सरांनी सगळ्यांना हा धडा घोटवला. शिपायाला, झाडूवालीला, मिस्त्रीला, मला. "दुपारी खिडकी उघडीन तो माहा दुश्मन," असं त्यांनी दारावर खडूने लिहूनही ठेवलं. खाली हिंदीतून तेच. दोन वेळा मी वारा येतो का ते पाहायला एक झडप किलकिली केली, तर हॉलच्या दुसऱ्या टोकाहून हाक आली, "लाव ते!"

बैठकीच्या दुपारी बाहेर डांबर मऊ झालं होतं. समितीचे सभासद लाल चेहऱ्यांनी, रुमाल मानेला लावून आले आणि हॉलच्या दारात थबकले. आत खरोखर गार होतं. देवळाच्या गाभाऱ्यात लागतो तसा गारवा. एका सभासदांनी जोडे काढून फरशीला तळवे टेकवले. कूलरशिवाय आपला जीव राहणार नाही असं लेखी देणारे हिंदीचे विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसले आणि पाचेक मिनिटांत पेंगायला लागले. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते कोपऱ्यात उभे होते आणि हसू येऊ नये म्हणून ओठ आत ओढून धरले होते. मी इतक्या वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. मनातल्या मनात मी पंखांच्या कामाचा फलकही लिहून टाकला, आणि त्यात माझं नाव जरा मोठंच लिहिलं.

अध्यक्ष खूश होते. पाणी पिऊन ते म्हणाले, "भई, मान गए। ठंडा तो है।" मग वर पाहत, अगदी सहज, काही मनात नसताना म्हणाले, "बस, खिड़कियाँ ठीक से दिख नहीं रहीं। बंद-बंद सी लगती हैं। खुलती भी हैं न ये?"

खुलती भी हैं न! सरांचे कान लाल झालेले मी पाहिले. वर्षभर त्या माणसाने एकेका खिडकीवर बसून रंग खरवडला होता. त्यांनी पुढे येऊन म्हटलं, "खुलती क्या, साहब? देखो." आणि पहिल्या खिडकीला करंगळी लावली.

ती उघडली. आवाज नाही, अडखळणं नाही. दोन्ही दारं एखाद्या मानी माणसाने नमस्कार करावा तशी बाजूला झाली. लख्ख ऊन फरशीवर पडलं, सागाचा रंग पेटला आणि सभासदांच्या तोंडून "वाह" निघालं. तिथे थांबायचं होतं. पण ते 'वाह' सरांनी ऐकलं होतं, आणि साऱ्या आयुष्यात 'चालते'च्या पुढे न गेलेल्या माणसाला ते सोसलं नाही. ते दुसऱ्या खिडकीकडे गेले. "इसका नीचे का हिस्सा कूलरवाले ने काटा था. ढूंढो जोड कहाँ है!" जोड कुणाला सापडेना. पुन्हा वाह. तिसरी. "इसकी बिजागरी..." चौथी. मी "सर, ऊन..." म्हटलं, तर "थांब रे!" मग मीही त्यांच्या मागे टाळ्या वाजवत निघालो. खरं सांगायचं तर मलाही भान नव्हतं. तो म्हातारा माणूस करंगळी पुढे करून एका खिडकीकडून दुसरीकडे जवळजवळ धावत होता आणि त्याच्यामागे हॉल उजळत चालला होता, असं दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढेही पाहिलं नाही.

शेवटची खिडकी सिलतऱ्याच्या दिशेची. ती उघडली आणि लू आत शिरली. नुसती लू नाही. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी तिच्या पदरात बांधलेली. टेबलावरचे कागद उडाले. विभागप्रमुख दचकून जागे झाले. अध्यक्षांनी तोंड पुसलं आणि रुमालाकडे पाहिलं. पांढरा रुमाल चुलीच्या पोतेऱ्यासारखा झाला होता. त्यांच्या पांढऱ्या कुर्त्याचं तर बोलायलाच नको. आम्ही धावत सगळ्या खिडक्या लावल्या. करंगळीने उघडल्या होत्या, तितक्याच झटपट लागल्या. पण रात्रभर जमवलेला गारवा निघून गेला होता आणि आत आता बंद खोलीतला उकाडा होता. अर्ध्या तासात सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले.

सर म्हणाले, "साहब, ये मैंने खोला. खिडकी की गलती नहीं है." दोन वेळा म्हणाले. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ते उठून सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम सुंदर है, गुरुजी। लेकिन लोग तो खिड़की खोलेंगे ही। आपसे ही नहीं रहा गया।" हॉल जसा आहे तसा ठेवायचा, दोन्ही पंखांना अल्युमिनियम आणि एसी, असा ठराव झाला. मी अनुमोदकांच्या मागे उभा होतो आणि मला विचारलं असतं तर मीही बहुतेक मान डोलावली असती, कारण माझा पगार तिथूनच यायचा.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी बूढापाऱ्यात त्यांच्या घरी गेलो. वाटेत मी सांत्वनाची वाक्यं पाठ करत होतो. घरात शिरलो आणि सगळी विसरलो. बैठकीच्या खिडकीत भला मोठा कूलर घरघरत होता, शेजारची खिडकी अल्युमिनियमची, सरकती. सर कूलरच्या ऐन झोतात बनियनवर बसून टरबूज खात होते.

माझ्या तोंडाकडे पाहून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, हसल्या. "सुनेनं लावलं हे. घरी त्याईची चालत नाही, म्हून तं तुमच्या इकडं खिडक्या उघडत फिरत होते."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सर, अध्यक्षांनी नेमकं विचारलं नसतं तर..."

"विचारणारच माणूस. माह्याच्यानं राहावलं गेलं नाही." टरबुजाच्या बिया ताटात सारत त्यांनी विचारलं, "अल्युमिनियमचं काम कोणाले देलं? ओळंबा पाह्यते का तो?"

मी म्हणालो, "सर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? सोडा आता."

"मनाले नाही लावून घेत. फोडीन ना तो ठेकेदार दगड!"

आणि खरंच, ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन पंखांतल्या खिडक्यांच्या कमानींचे दगड तासायला आली, तर खिडकीच्या ओट्यावर सर बसलेले. कांदा खिशात. "भैया, दगड को हाथ नहीं लगाना," एवढंच म्हणाले आणि उठले नाहीत. ठेकेदार माझ्याकडे आला. मी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून त्याला दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कार्डाच्या आवाजात बोललो: सर सांगतील तसंच होईल. ठेकेदाराला वाटलं, यांच्यामागे कुणीतरी मोठं आहे. कुणी नव्हतं.

ज्या खिडक्यांचा सरांना तिटकारा होता त्या त्यांनी पुढचे कित्येक दिवस उभं राहून बसवून घेतल्या. आधी कमानीत सागाची पट्टी, ती नुसत्या चुन्यात बसवलेली. अल्युमिनियमची चौकट त्या पट्टीला स्क्रूने आवळायची, दगडाला एकही भोक नाही. पाणी बाहेर जाईल असा उतार, ओळंब्याला सरळ चौकट. वाकडी बसली की लाल खडू: 'पुन्हा'. पंखांच्या खिडक्यांची जुनी सागवानी दारं त्यांनी पुसून, तेल लावून, कुठली कुठल्या कमानीची ते मागे लिहून हॉलच्या माळ्यावर उभी करून ठेवली. ठेकेदाराच्या माणसांनी शेवटी शेवटी हात जोडले होते. मीही एकदा वैतागून म्हटलं, "सर, आपण हरलो ना? मग एवढं कशाला?"

"मी हरलो," सर म्हणाले. "खिडकी काहून हरीन? उद्या कोणाले अक्कल आली अन् त्यानं हे काढाले घेतलं, तं दगड न फुटता निघालं पाहिजे. नुसता स्क्रू फिरवला की झालं."

काम संपल्यावर त्यांनी शेवटच्या अल्युमिनियमच्या काचेवर काही लिहिलं नाही. खडू खिशात टाकला आणि सायकल काढली. पुढे दोन-तीन उन्हाळे ते संध्याकाळी हॉलच्या खिडक्या उघडायला येत राहिले. मग तेही थांबलं. सर गेले तेव्हा मी रजेवर नागपूरला होतो. आलो तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि मला रडू आवरलं नाही. मीच त्यांचं सांत्वन करायला गेलो होतो, पण पाणी त्यांनी मला दिलं.

आता मी त्या शाखेचा प्रमुख आहे. अक्कल कुणाला आली आहे का ते मी पाहत असतो. माझ्या टेबलावर दर वर्षी पंखांचे एसी बदलण्याचा कागद येतो आणि मी त्यावर सही करतो. सागवानी दारं खाली आणण्याचा कागद मी स्वतः दोनदा वर पाठवला, दोन्ही वेळा तो कुठेतरी थंड जागी जाऊन झोपला. मोठी लढाई देण्याचा माझा पिंड नाही, हे सरांनी मला शेवटच्या बाकावर असतानाच ओळखलं असणार. पण दर वर्षी पावसाळा संपला की मी तेलाची कुपी आणि पेचकस घेऊन पंखांत जातो. एकेका चौकटीचा एकेक स्क्रू थोडा उलटा फिरवतो, तेल सोडतो आणि परत कसतो. गंजून बसता कामा नये. परवा नव्या शिपायाने माझ्याकडे बघत विचारलं, "साहब, खिड़की निकाल रहे हैं क्या?"

स्क्रू सहज फिरत होता. मी म्हणालो, "आज नहीं."